लाभार्थी एक

शैक्षणिक वर्ष सरत आले, परीक्षांची वेळापत्रके फलकावर लागली आणि सोलापूरच्या उन्हाने सकाळी अकराच्या आतच रस्ते ओस पाडायला सुरुवात केली, की आमच्या विधी महाविद्यालयात एक काम न चुकता माझ्या टेबलावर येऊन पडे, आणि ते म्हणजे वार्षिक अहवालाचा मसुदा करण्याचे. माझे अक्षर बरे होते आणि नकार देण्याची कला मला कधी साधली नाही, याखेरीज या मानाला अन्य कारण असल्याचे मला आठवत नाही. अहवालाचा नमुना पूर्वापार ठरलेला असे. पूर्वार्धात प्राध्यापकवर्गाची विद्याविषयक कामगिरी, म्हणजे कोणी प्रबंध सादर केला, कोणाचा लेख कोणत्या नियतकालिकाने स्वीकारला, कोण कोणत्या परिसंवादाच्या व्यासपीठावर बसले, अभिरूप न्यायालयाच्या स्पर्धेत कोणाच्या मार्गदर्शनाखाली ढाल मिळाली, याचा तपशील. आणि उत्तरार्धात समाजकार्य, म्हणजे शिबिरे किती, व्याख्याने किती, वस्त्या कोणत्या, आणि सर्वांत शेवटी, पानाच्या उजव्या कडेला, ‘लाभार्थी’ या मथळ्याचा एक अरुंद रकाना, ज्यात आकड्याखेरीज काही लिहिण्याची सोयच नसे.

वीस वर्षांहून अधिक काळ मी हे दोन भाग दोन निरनिराळ्या फायलींतून जुळवीत आलो, आणि विद्वत्तेचे खाते वेगळे, लोकसेवेचे खाते वेगळे, ही वाटणी सावकाराच्या वहीतील जमा आणि नावे यांच्याइतकीच स्वाभाविक आहे असे समजत आलो. आता निवृत्तीनंतर, दप्तर दुसऱ्याच्या हाती सोपवून बरीच वर्षे लोटल्यावर, ती वाटणी माझ्या डोळ्यांपुढे उसवत चालली आहे. ती कशी उसवली हे सांगायचे तर तीन कागदांची हकिकत सांगितली पाहिजे. त्यांतील एकावर जे नाव असायला हवे होते ते नव्हते, दुसऱ्यावर जे असायला नको होते ते होते, आणि तिसऱ्यावर जे होते ते भलत्याचेच होते.

मी १९८३ साली सोलापुरात आलो तेव्हा येथील महाविद्यालये कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाशी संलग्न होती. सोलापूरला स्वतःचे विद्यापीठ मिळाले ते २००४ साली, आणि पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचे नाव त्याला लाभले ते त्यानंतर पुष्कळ वर्षांनी. आमचे वर्ग सकाळी भरत, कारण विद्यार्थी बहुतेक पोटापाण्याच्या उद्योगात गुंतलेले. पहिल्या बाकावर नुकताच पदवीधर झालेला कोवळा तरुण, तर त्याच्या मागे जिल्हा न्यायालयातला कारकून, नगरपालिकेच्या काळापासून जकातीवर बसलेला नाकेदार, एखादा शाळामास्तर, एखादा विमा कंपनीचा प्रतिनिधी, अशी ती सरमिसळ असे. या शहरात कायद्याकडे जाणारी वाट पुष्कळदा न्यायालयाच्या व्हरांड्यातून गेलेली आहे. पुढे राज्याचे मुख्यमंत्री आणि देशाचे गृहमंत्री झालेले सुशीलकुमार शिंदे ऐन तारुण्यात येथील सत्र न्यायालयात बेलिफ होते, ही गोष्ट आमचे विद्यार्थी एकमेकांना इतक्या सहजतेने सांगत, की जणू बेलिफाच्या नोकरीनंतरची पुढची पायरी मंत्रिपद हीच असावी. असले विद्यार्थी शिकवायला सोपे नसतात. समन्स म्हणजे काय हे पुस्तकातून सांगू लागावे, तर समन्स बजावून आलेला माणूस समोर बसलेला असतो, आणि दार लावून घेतलेल्या घरावर ते कसे डकवायचे हे त्याला आपल्यापेक्षा चांगले ठाऊक असते.

संविधानाचा विषय माझ्याकडे होता. समानतेच्या तत्त्वावर बोलताना हिंदुस्थानातला प्रत्येक विधी अध्यापक ज्या निवाड्यापाशी थांबतो, तो चिरंजितलाल चौधुरी यांचा, ४ डिसेंबर १९५० चा निवाडा, मुळात सोलापूरचा आहे याचे मला येथे येईपर्यंत विशेष वाटले नव्हते. निवाड्यातील गावांची नावे आपण कथेतील गावांसारखीच वाचतो. मुरारजी गोकुळदासांनी गेल्या शतकाच्याही आधीच्या शतकात उभारलेली सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी, जिला सारे शहर ‘जुनी मिल’ म्हणून ओळखते, ती १९४९ साली बंद पडली. १९५० च्या जानेवारीत वटहुकूम काढून आणि मागाहून अधिनियम करून केंद्र सरकारने तिचा कारभार हाती घेतला. आणि एका भागधारकाने, साऱ्या देशातून एकट्या याच कंपनीसाठी वेगळा कायदा करणे म्हणजे समानतेचा भंग होय, अशी तक्रार घेऊन थेट सर्वोच्च न्यायालयाचा दरवाजा ठोठावला. पाच न्यायमूर्तींपैकी तिघांनी ती फेटाळली. परिस्थिती खरोखर वेगळी असेल तर एकटी कंपनीसुद्धा स्वतंत्र वर्ग ठरू शकते, आणि कायदा घटनेला धरूनच आहे असे गृहीत धरून तो तसा नाही हे दाखविण्याचा भार आव्हान देणाऱ्यावर राहतो, ही दोन सूत्रे तेथून निघाली आणि पाठ्यपुस्तकांत कायमची जाऊन बसली. तीन वर्षांनी, १८ डिसेंबर १९५३ रोजी, द्वारकादास श्रीनिवास या दुसऱ्या एका भागधारकाने तोच कायदा मालमत्तेच्या हक्काच्या मुद्द्यावर, मोबदल्याविना हिरावणूक झाली म्हणून, रद्द करवून घेतला. आणि १९५५ च्या चौथ्या घटनादुरुस्तीला जी कारणे घडली त्यांत या निवाड्याची गणना होते. एका गावातली एक गिरणी बंद पडावी आणि तिच्या भोंग्याचा पडसाद संविधानाच्या मजकुरात उमटावा, असे भाग्य फार थोड्या गावांच्या वाट्याला आले असेल.

हे सारे मी एका सकाळी मोठ्या अभिमानाने, आणि खरे सांगायचे तर सोलापूरकरांवर काही उपकार करीत असल्याच्या आविर्भावात, वर्गात सांगितले. तास संपला तेव्हा मागच्या बाकावरचे एक गृहस्थ, वयाने माझ्याहून वडील आणि एका पतपेढीत हिशेबनीस असलेले, उठून उभे राहिले. ‘‘सर, माझे वडील त्या मिलमध्ये साळखात्यात होते. मिल बंद झाली तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. तुम्ही सांगितलेल्या निकालात भागधारक आहेत, संचालक आहेत, सरकार आहे. माझे वडील कुठे आहेत?’’

मी निवाड्याचे पुस्तक उघडून त्यांच्यासमोर धरले. अधिनियमाच्या प्रास्ताविकात, गैरव्यवस्थेमुळे उत्पादन खुंटले आणि समाजाच्या एका घटकात गंभीर बेकारी ओढवली, अशा अर्थाचे शब्द आहेत, त्यांवर मी बोट ठेवले. त्यांनी ती ओळ दोनदा वाचली आणि शांतपणे म्हणाले, ‘‘म्हणजे आमचे वडील येथे बेकारी झाले.’’

त्या प्रश्नाने माझी झोप उडविली असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु त्याने माझ्याकडून एक लेख मात्र लिहविला. जी व्यक्ती कायद्याचे निमित्त असते पण खटल्याची पक्षकार नसते, तिचे न्यायनिर्णयात काय होते, असा त्याचा विषय होता. तो बऱ्यापैकी नावाजला गेला आणि त्या वर्षीच्या अहवालात, पूर्वार्धात, माझ्या नावासमोर ‘प्रसिद्ध लेख: एक’ अशी नोंद मीच माझ्या बऱ्या अक्षरात केली. त्या लेखाच्या ऋणनिर्देशात दोन ग्रंथपालांचे आणि एका ज्येष्ठ विधिज्ञांचे आभार आहेत. हिशेबनीसांचे नाव त्यात नाही, आणि ते घालावयास हवे होते ही गोष्ट माझ्या लक्षात येईपर्यंत ते वकिलीची सनद घेऊन, दोन वर्षे काळा कोट वापरून, या जगातून निघूनही गेले होते.

दुसरा कागद सेटलमेंटमधला. सोलापुरात रिक्षावाल्याला नुसते ‘सेटलमेंट’ म्हटले की तो पुढचा प्रश्न विचारीत नाही. परंतु बाहेरगावच्या वाचकासाठी सांगितले पाहिजे, की ब्रिटिश राजवटीने ज्या जमातींवर जन्मतः गुन्हेगार असा शिक्का मारला, त्यांतील कैकाडी, पारधी, टकारी, कंजारभाट इत्यादी लोकांची कुटुंबेच्या कुटुंबे येथे तारांच्या कुंपणात आणून ठेवली होती, त्यांची हजेरी घेतली जाई, आणि गिरण्यांना त्यांच्या रूपाने स्वस्त मजूर मिळत. १८७१ चा मूळ कायदा, १९११ व १९२४ चे त्याचे सुधारलेले अवतार, आणि ३१ ऑगस्ट १९५२ रोजी देशभर झालेले त्याचे निरसन, हा इतिहास मी दरवर्षी व्यक्तिस्वातंत्र्याच्या प्रकरणाची प्रस्तावना म्हणून दहा मिनिटांत सांगून टाकीत असे. एका वर्षी, तास संपल्यावर, एक अबोल मुलगा टेबलाशी आला आणि त्याने वहीच्या दोन पानांत जपून ठेवलेला एक कागद काढला. तो त्याच्या आजोबांचा परवाना होता. कुंपणाबाहेर जाण्यासाठी मिळालेला. चार घड्यांवर झिजून त्याचे चौकोन जवळजवळ सुटे झाले होते. इसमाचे नाव, जात, बापाचे नाव, कोठे जाणार, कधी परतणार, आणि खाली अंगठ्याचा ठसा, इतका स्पष्ट की त्याच्या रेषा मोजता याव्यात.

‘‘यावर अपील कुठे करायचं होतं, सर?’’ त्याने विचारले.

एखादी जमात गुन्हेगार ठरविणाऱ्या अधिसूचनेच्या वैधतेबद्दल कोणत्याही न्यायालयाने प्रश्न उपस्थित करता कामा नये, असे कलम त्या कायद्यातच घातलेले होते. मी ते त्याला सांगितले, आणि सांगता सांगता माझ्या ध्यानात आले की या कलमाचा उल्लेख मी माझ्या दहा मिनिटांच्या प्रस्तावनेत कधीही केलेला नाही. गिरणीतल्या विणकराचे नाव कायद्याच्या कागदावर नव्हते म्हणून तो दिसेनासा झाला. या आजोबांचे नाव कागदावर अगदी रीतसर, ठशासकट, लिहिलेले होते आणि त्या लिहिण्यानेच त्यांना कोंडले होते. नाव नोंदले जाणे म्हणजे न्याय मिळणे, अशी माझी जी भाबडी समजूत हिशेबनीसांच्या प्रश्नानंतर बनू लागली होती, तिला त्या परवान्याने वेळीच चूड लावली. कोणी लिहिले, कशासाठी लिहिले आणि लिहिलेले खोडण्याचा अधिकार कोणाला, हे प्रश्न सुटल्याखेरीज नुसत्या नावाला अर्थ नाही.

या दोन धड्यांनंतरही मी लोकांत गेलो तो शिकविण्यासाठीच गेलो, शिकण्यासाठी नव्हे, हे येथे कबूल केले पाहिजे. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने मोफत कायदेविषयक साहाय्याचे तत्त्व अनुच्छेद ३९-अ मध्ये आणले, त्यासाठी १९८७ साली विधी सेवा प्राधिकरणांचा कायदा झाला, आणि तो ९ नोव्हेंबर १९९५ रोजी प्रत्यक्ष अमलात आला. स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, औद्योगिक कामगार, कोठडीतील इसम, यांना उत्पन्नाचा विचार न करता वकील मिळावा ही त्यातील तरतूद सर्वांना ठाऊक असते. परंतु विद्यापीठांत आणि विधी महाविद्यालयांत साहाय्यकेंद्रे उभारण्यास उत्तेजन द्यावे, असेही त्यात म्हटले आहे. त्या उत्साहाच्या लाटेत आम्हीही एक केंद्र काढले. केंद्र म्हणजे ग्रंथालयाशेजारची एक खोली, एक कपाट, दोन बाके आणि दर शनिवारी वस्तीत जाण्याचा नेम. पुढे बार कौन्सिलने असल्या प्रात्यक्षिकांना अभ्यासक्रमात सक्तीचे स्थान दिले; आमच्या वेळी ती हौस होती, आणि हौसेत जो एक प्रकारचा मोठेपणा मिरविता येतो तोही तिच्यात होता.

१९९६ च्या पावसाळ्यात आम्ही शहराच्या पूर्व भागात गेलो. पिढ्यांपूर्वी तेलंगणातून विणकामासाठी आलेल्या पद्मशाली समाजाची ही वसाहत. पुरुष यंत्रमागावर, बायका विडीवर, अशी घरोघरची विभागणी. गल्लीत शिरले की मागांचा खटखटाट आणि तंबाखूचा घसा खवखवविणारा दर्प, या दोहोंनी मिळून आपले स्वागत होते. एका देवळाच्या सभामंडपात चाळीसेक स्त्रिया मांडीवर सुपे घेऊन बसल्या होत्या, कारण दोन तास हात रिकामे ठेवणे त्यांना परवडण्यासारखे नव्हते. मी बोलत होतो आणि त्यांचे हात चालत होते: रात्रभर भिजवलेले पान पत्र्याच्या साच्यावर ठेवून कात्रीने कापायचे, चिमूटभर तंबाखू पसरायची, वळायचे, सुताचा वेढा द्यायचा, तोंडे मुडपायची, आणि विडी सुपात टाकायची, एकीलाही खाली पाहावे लागत नव्हते. त्या वेळी लागू असलेल्या १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्यावर मी पाऊण तास व्याख्यान दिले. घरी बसून विडी वळणारी स्त्रीसुद्धा कामगारच आहे, पाने व तंबाखू देण्यावरून किंवा ‘छाट’ म्हणून विड्या बाजूला काढण्यावरून वाद झाला तर तो सोडविण्याची व्यवस्था कायद्यात आहे, हे मी कळकळीने सांगितले, आणि आमच्याच वर्गातील एका मुलीने ते तेलुगूत उतरविले. तिची आई विडी वळत असे. तिचे भाषांतर माझ्या व्याख्यानापेक्षा निम्म्याने आटोपशीर आणि दुपटीने परिणामकारक होते, हे ऐकणाऱ्यांच्या चेहऱ्यांवरून मला दिसत होते.

शेवटी, काही शंका असल्यास विचाराव्यात, असे रिवाजाप्रमाणे म्हटल्यावर, चाळिशीची एक बाई हातातले काम न थांबवता मराठीतच बोलली, ‘‘काम मी करते सर, पण कामगार सासू हाय.’’

सासूबाई कोठे आहेत, असे मी विचारले. सासूबाई चार वर्षांपूर्वी वारल्या होत्या.

तिने कमरेच्या पिशवीतून पासबुक काढून दिले. पासबुकावर सासूचे नाव होते. माल ज्या ठिकाणी पोचवायचा, ज्याला तेथे ब्रँच म्हणतात, तेथे तेच पुस्तक चाले. सासू अंथरुणाला खिळली तेव्हापासून सून त्याच पुस्तकावर माल देत आली, आणि सासू गेल्यावर पुस्तक बदलून मागितले तर आहे तेही काम जाईल या धास्तीने कोणाला काही बोलली नाही. ‘सासू हाय’ या शब्दांतील वर्तमानकाळ मी अडाणीपणात काढला होता. वस्तुतः दप्तराच्या दृष्टीने तो व्याकरणशुद्ध होता.

आता येथे माझी विद्वत्ता पुढे सरसावली. मृत व्यक्तीच्या नावे असलेले हक्क, मागे राहिलेली सून, तेव्हा प्रश्न वारसाचा, असे निदान करून मी त्या रात्री दोन पानी अर्ज तयार केला. त्यात ‘सदर मयत’, ‘मजकूर अर्जदार’, ‘कायदेशीर वारस या नात्याने’ अशी घोटीव शब्दरचना होती. पतीचे, म्हणजे मयताच्या मुलाचे, संमतिपत्र सोबत जोडले होते. आणि तो अर्ज घेऊन मी स्वतः संबंधित कचेरीत गेलो. तेथील अधिकाऱ्यांनी तो शांतपणे वाचला आणि, वारसाला मयताची देय रक्कम मिळू शकेल, नोकरी वारशाने मिळत नाही, असा शेरा मारून परत केला. शेरा अगदी बरोबर होता. माझ्याच विद्यार्थ्याने परीक्षेत असा मसुदा लिहिला असता, तर मी त्याला उत्तीर्ण केले नसते.

सोमवारी वर्गापूर्वी मी तो कागद त्या दुभाष्या मुलीला दाखविला. तिने तो वाचला, थोडी घुटमळली, आणि मग, शिक्षकाची चूक दाखविताना आपल्याकडच्या मुली जशा जमिनीकडे पाहतात तशी पाहत म्हणाली, ‘‘सर, तुम्ही अक्कांना वारस केलंत. त्या वारस नाहीत, कामगार आहेत. सासूच्या हक्काचं त्या मागतच नाहीत. स्वतःच्या कामाचं मागतायत.’’

‘‘पण त्यांच्या कामाचा पुरावा कुठे आहे?’’ मी म्हणालो. ‘‘पुस्तकावर तर सासूचं नाव आहे.’’

‘‘तोच पुरावा आहे,’’ ती म्हणाली. ‘‘सासू कधी वारल्या त्याचा दाखला महापालिकेतून काढू. त्या तारखेनंतरही पुस्तकात दर आठवड्याला विड्यांची नोंद आहे. मेलेल्या माणसानं त्या वळल्या नाहीत, हे तर कोणीही मान्य करील.’’

पुराव्याचा कायदा मी स्वतः शिकवीत नव्हतो, पण तो शिकविणाऱ्या माझ्या सहकाऱ्याला मी हे सांगितले तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही. जो कागद त्या बाईविरुद्ध जात होता, तोच एका मृत्युदाखल्याच्या शेजारी ठेवल्याबरोबर तिच्या बाजूने साक्ष देऊ लागला होता. तेवढ्याने काम भागले असे नाही. दुसऱ्याच्या पुस्तकावर माल दिला म्हणून तिच्यावरच लबाडीचा ठपका येईल काय, ही भीती खरी होती. तिच्यासाठी आम्हाला शहरातील एका अनुभवी कामगार वकिलांकडे चार फेऱ्या माराव्या लागल्या. त्यांनी सल्ला दिला की आरोपाचा सूर ठेवू नका, नोंद दुरुस्त करण्याची विनंती करा, आणि शेजारच्या पाच बायकांची प्रतिज्ञापत्रे जोडा. प्रतिज्ञापत्रे लिहिण्याचे काम वर्गातील मुलांनी वाटून घेतले. पाचपैकी तिघींनी अंगठा उठविला. शाईच्या डबीत त्यांची बोटे बुडत असता मला दुसऱ्या एका कागदावरचा अंगठा आठवला, आणि या वेळी तरी तो ठसा ज्याचा आहे त्याच्याच उपयोगी पडावा असे मनापासून वाटले.

नवा अर्ज एका पानाचा झाला. ‘मजकूर’ आणि ‘सदर’ त्यातून गेले. मी अमुक तारखेपासून विड्या वळते, नोंद माझ्या सासूच्या नावे आहे, ती अमुक तारखेस वारली, त्यानंतरचा माल माझ्या हातचा आहे, एवढी चार वाक्ये उरली. तीन तारखा पडल्या, दोन तहकूब झाल्या, आणि शेवटी तडजोडीने तिच्या नावाचे पुस्तक निघाले. मागची चार वर्षे मात्र हिशेबात धरली गेली नाहीत; तडजोडीची ती किंमत होती, आणि ती मान्य करायची की नाही हे आम्ही नव्हे, तिने ठरविले. नवे पासबुक घेऊन ती केंद्राच्या खोलीत आली तेव्हा तिने ते आधी त्या मुलीच्या हातात दिले आणि पहिल्या पानावरची अक्षरे मोठ्याने वाचून घेतली. मग कडक भाकऱ्या आणि शेंगाच्या चटणीचे एक फडके तिने बाकावर ठेवले. व्यावसायिक नीतिमत्तेच्या तासाला मोबदला घेण्याविषयी मी जे जे सांगत असे ते सारे विसरून आम्ही त्या खाल्ल्या.

त्या वर्षीच्या मार्चमध्ये नेहमीप्रमाणे अहवालाच्या दोन फायली माझ्यापुढे आल्या. पूर्वार्ध भरघोस होता. एका सहकाऱ्याला विद्यावाचस्पती ही पदवी मिळाली होती, विद्यार्थ्यांनी अभिरूप न्यायालयात पारितोषिक आणले होते, आणि घरखेपी, म्हणजे घरी बसून काम करणाऱ्या, कामगाराच्या पुराव्यावर आमच्या पुराव्याच्या अध्यापकाने लिहिलेले टिपण एका विधिपत्रिकेने छापले होते. ते टिपण कोठून आले हे मला ठाऊक होते, आणि त्याच्या तळटीपेत त्या मुलीचे नाव होते, कारण ते घालण्याचा आग्रह मी धरला होता. हिशेबनीसांचे ऋण निदान अशा आडवाटेने फेडावे, असा माझा हेतू होता. विद्या आणि सेवा ही दोन खाती वेगळी ठेवण्याचे कसब मला तेव्हापासून जमेनासे झाले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने १९२५ च्या जानेवारीत याच सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढविले, आणि दहा वर्षांनी, १९३५ च्या जूनमध्ये, ते मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. त्यांच्या चरित्रकाराला या दोन गोष्टी दोन रकान्यांत मांडाव्याशा वाटल्या नसत्या. आपण सामान्य माणसे. आपल्याला रकाने लागतात.

उत्तरार्ध मी शेवटी घेतला. वस्ती: पूर्व भाग. शिबिरे: एक. व्याख्याने: एक. मग पानाच्या उजव्या कडेचा तो अरुंद रकाना आला. सभामंडपात चाळीस स्त्रिया होत्या, तेव्हा रिवाजाप्रमाणे ‘लाभार्थी: ४०’ असे लिहिता आले असते, परंतु त्या चाळिसांना माझ्या व्याख्यानापासून काय लाभ झाला हे प्रामाणिकपणे सांगणे मला शक्य नव्हते. मी ‘लाभार्थी: एक’ असे लिहिले. प्राचार्यांनी, आकडा चुकला आहे काय, असे समासात पेन्सिलीने विचारले. मी, बरोबर आहे, असे लिहून परत पाठविले.

आणि पुष्कळ वर्षांनी, हा मजकूर लिहिताना, माझ्या ध्यानात येते की मी त्या दिवशी जो करारीपणा दाखविला असे मला वाटत होते, त्यातही मी तेच केले होते. जुन्या मिलमधला विणकर कायद्याच्या प्रास्ताविकात ‘बेकारी’ झाला. पूर्व भागातली ती बाई माझ्या अहवालात ‘एक’ झाली. शिवाय लाभ कोणाला झाला हा प्रश्न उरतोच. त्या प्रकरणातून तिला एक पासबुक मिळाले, तेही चार वर्षे गमावून. महाविद्यालयाला एक टिपण मिळाले, विद्यार्थ्यांना पुराव्याचा असा धडा मिळाला की जो कोणत्याही पुस्तकात नव्हता, त्या मुलीला, जी आज वकिली करते, आपल्या आईचे काम हेही कायद्याचे ज्ञान आहे असा भरवसा मिळाला, आणि मला माझ्या घोटीव अर्जावर एक योग्य शेरा मिळाला. हिशेब सरळ मांडला तर त्या रकान्यात आमची नावे जायला हवी होती.

तिचे नाव मी येथेही लिहिलेले नाही. अहवालात ते नव्हते ते रकान्याच्या दोषामुळे. येथे नाही ते तिच्या परवानगीवाचून ते लिहिण्याचा मला अधिकार नाही म्हणून. परवाना हाती घेऊन आलेल्या त्या अबोल मुलाने मला तेवढे शिकविले आहे. नाव तिच्या पासबुकाच्या पहिल्या पानावर आहे, आणि ते तेथे असणे तिला पुरेसे होते.